मरुभूमीतील उंटपालन : राइकांची रीत व आजची निकड

अरवली पर्वताच्या पश्चिमेस पसरलेल्या मारवाडच्या भूमीत पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि पाहुण्यासारखाच निघून जातो. जैसलमेर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी २०० मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो व तोही दर वर्षी वेळेवर पडेल असा भरवसा नसतो. अशा प्रदेशात केवळ पिकावर विसंबून राहणारा संसार टिकत नाही. म्हणून तेथील कुणबी पीक व पशू या दोहोंच्या आधाराने जगत आला. बाजरी बुडाली तर शेळ्या-मेंढ्या तारतात. आणि मेंढ्यांनाही जेथे चारा उरत नाही, तेथे उंट तारतो.

हा आधार आता खचत चालला आहे. १९७७ च्या पशुगणनेत भारतात सुमारे ११ लाख उंट होते. २०१२ मध्ये ते ४ लाखांवर आले आणि २०१९ च्या पशुगणनेत सुमारे अडीच लाखच भरले. या अडीच लाखांपैकी २ लाख १३ हजार उंट एकट्या राजस्थानात होते. म्हणजे २०१२ नंतरच्या सात वर्षांत देशातील उंटांची संख्या ३७ टक्क्यांनी घटली. एखाद्या साथीच्या रोगाने ही घट झालेली नाही. उंट पाळणाऱ्याच्या घरचा जमाखर्च बिघडला, हे तिचे खरे कारण होय. तो कसा बिघडला व कसा सावरता येईल, हे समजण्यासाठी उंटपाळांची मूळची रीत प्रथम पाहावयास हवी.

राइका समाज व त्याचे नियम

राजस्थानात उंटांचे कळप बाळगणारा प्रमुख समाज म्हणजे राइका अथवा रेबारी. गुजरातेत याच समाजास रबारी म्हणतात. पार्वतीने मातीचा एक चमत्कारिक प्राणी घडविला, शंकराने त्यात प्राण घातले, आणि तो प्राणी आवरेना म्हणून त्याला राखण्यासाठी शंकराने पहिला राइका निर्माण केला, अशी या लोकांची कथा आहे. मारवाडात उंट प्रथम आणले ते पाबूजींनी, अशीही श्रद्धा आहे. कळपात दुखणे शिरले म्हणजे पाबूजींच्या जीवनकथेचा चित्रपट, म्हणजे ‘फड’, लावून रात्रभर गायन करविण्याची चाल आहे.

संस्थानी काळात राजेरजवाड्यांचे उंटांचे कळप राइका लोकांच्याच हवाली असत. सैन्य, रसद व टपाल यांसाठी लागणारे उंट या कळपांतून मिळत. महाराष्ट्रासही ही व्यवस्था अपरिचित नाही. मराठेशाहीच्या अठरा कारखान्यांत उष्टरखान्याची गणना होत असे आणि तातडीचा खलिता नेणारा सांडणीस्वार आपल्या बखरींतून व पत्रांतून पदोपदी भेटतो. सांडणी म्हणजे उंटाची मादी. ती नरापेक्षा शांत व चालीस हलकी असल्यामुळे जासुदाच्या कामी तिची निवड होई.

राइकांच्या उंटपालनास काही कडक नियमांची बैठक होती. सांडणी विकावयाची नाही; विकावयाचा तो नर. सांडणी द्यावयाची ती लेकीला सासरी जाताना किंवा आपल्याच समाजातील माणसाला. उंटाचे मांस खावयाचे नाही. दूध विकावयाचे नाही. ते पोटच्या पोराइतके पवित्र मानावयाचे आणि दारी आलेल्यास फुकट द्यावयाचे.

हे नियम केवळ श्रद्धेपोटी आले असे मानून सोडून देता येणार नाहीत. सांडणीला दोन वर्षांनी एकदा एकच पिल्लू होते. अशा सावकाश वाढणाऱ्या जनावराच्या माद्या एकदा बाहेर गेल्या, तर कळप पुन्हा उभा राहण्यास एक पिढी जाते. मादी न विकण्याचा नियम म्हणजे मुद्दल न मोडण्याचा नियम होता. नराच्या विक्रीतून मिळे ते व्याज. समजा, एखाद्या कुटुंबाकडे चाळीस वेत्या सांडण्या आहेत. दोन वर्षांस एक वेत धरले तर वर्षाकाठी वीस पिल्ले होतात. त्यांत निम्मे नर धरले व काही पिल्ले दगावली असे मानले, तरी सात-आठ नर दर वर्षी विक्रीस तयार होतात. कार्तिकात पुष्करच्या जत्रेत हे नर गेले की घराचे वर्षाचे धान्य, कापड व लग्नकार्य भागत असे. या सात-आठ नरांवर सारा व्यवहार उभा होता, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

वाळवंटासाठी घडलेले शरीर

उंटाच्या मदारीत पाणी साठलेले असते हा समज चुकीचा आहे. मदारीत चरबी असते. अन्नाची ददात पडली म्हणजे ती शरीराच्या उपयोगी येते व मदार ढिली पडते. म्हणूनच उंटाची प्रकृती जोखताना राइका प्रथम मदारीवर हात ठेवतो.

पाण्याच्या बाबतीत उंटाची करामत निराळीच आहे. नॉर्वेजियन वंशाचे शास्त्रज्ञ क्नुट श्मिट-नीलसन यांनी १९५३-५४ मध्ये अल्जीरियाच्या सहारा वाळवंटात याविषयी प्रयोग केले. तहानलेल्या उंटाच्या शरीराचे तापमान रात्री सुमारे ३४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते व दिवसा ४० अंशांच्या वर चढते. तेवढी उष्णता शरीरात साठविता येत असल्यामुळे घाम गाळून पाणी खर्च करण्याची वेळ उशिरा येते. वजनाच्या चौथ्या हिश्शाएवढे पाणी शरीरातून गेले तरी उंट तग धरतो आणि पाणी मिळताच दहा-पंधरा मिनिटांत शंभर लिटरपर्यंत पिऊन पूर्ववत होतो. एवढे पाणी एकदम पोटात गेले असता अन्य जनावरांच्या रक्तपेशी फुटण्याची भीती असते. उंटाच्या लंबगोल रक्तपेशी हा ताण सहन करतात.

तथापि उंटाला पाणी लागतच नाही असा याचा अर्थ नव्हे. हिवाळ्यात हिरवा पाला भरपूर मिळाला तर तो कित्येक दिवस पाण्यावाचून राहतो, परंतु उन्हाळ्यात दर तीन-चार दिवसांनी तरी त्यास पाणी दाखवावे लागते. दुभत्या सांडणीची गरज त्याहून अधिक असते. मिठाची गरजही उंटाला इतर जनावरांपेक्षा जास्त आहे. खारट झुडपे ज्या भागात उगवतात तेथे ती आपोआप भागते. अन्यत्र मीठ मुद्दाम चारावे लागते. ते न मिळाल्यास जनावर मलूल होते व कातडीच्या तक्रारी वाढतात.

चराईचे वर्षचक्र

‘उंटावरून शेळ्या हाकणे’ ही म्हण आपल्याकडे दुरून व आळसाने केलेल्या कामाविषयी वापरतात. मारवाडातील राइका मात्र उंटसुद्धा उंटावर बसून हाकीत नाही. कळपाबरोबर तो दिवसभर पायी चालतो व रात्री कळपाच्या शेजारीच झोपतो.

पावसाळ्यात शेते पेरलेली असतात. अशा वेळी कळप डोंगरउतार, गायरान व ओरण या जागी नेतात. ओरण म्हणजे आपल्याकडील देवराईसारखे देवाच्या नावाने राखलेले रान. पाली जिल्ह्यातील कळप पूर्वापार पावसाळ्याचे महिने अरवलीच्या जंगलात काढीत. चिखलाच्या व दाट झाडीच्या जागी रक्त शोषणाऱ्या माश्या फार होतात, म्हणून त्या जागा टाळून कोरड्या व वाऱ्याच्या उंचवट्यावर तळ देण्याची दक्षता घेतली जाते. सुगी आटोपली की कळप शेतांत उतरतात. बाजरी, मूग, मटकी व गवार यांचे अवशेष उंट खातात, आणि त्यांच्या लेंड्यांचे खत मिळते म्हणून शेतकरीही त्यांना जागा देतो. उन्हाळ्यात भिस्त झाडांवर असते. खेजडी म्हणजे आपली शमी. ती मारवाडची खरी अन्नदात्री होय. तिचा पाला, बोर, बाभूळ, कडुनिंब, पिलू, काटेरी केर व वाळूत वाढणारा फोग ही उंटाची उन्हाळ्यातील शिदोरी.

उंटाच्या चरण्याची पद्धतही लक्षात घेण्याजोगी आहे. तो एका झाडाचे चार घास घेतो व पुढे सरकतो. एकच झाड ओरबाडून संपविण्याची त्याला सवय नाही. उंच मानेमुळे शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडाबाहेरचा पाला त्यास मिळतो. त्याच्या पायांस कठीण खूर नसून मऊ तळवे असतात, त्यामुळे पातळ वालुकामय माती उखडली जात नाही. मात्र हे सारे तो मोकळा फिरत असेल तरच खरे. चार झाडांच्या कुंपणात पन्नास उंट कोंडले तर तेथे झाड टिकणार नाही.

पैदाशीची रीत

नर उंट हिवाळ्यात, सामान्यतः कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत, माजावर येतो. या काळात तो खाणे कमी करतो, तोंडातून फेस काढतो, डोक्यामागील ग्रंथींतून काळपट स्राव गाळतो आणि टाळूचा मऊ भाग फुग्यासारखा तोंडाबाहेर काढून गुळगुळ आवाज करतो. अशा नराजवळ अनोळखी माणसाने जाणे धोक्याचे असते.

सांडणी साधारणतः चौथ्या वर्षी प्रथम फळते. गाईप्रमाणे ठराविक दिवसांनी तिचे बीज सुटत नाही; नराशी संयोग झाल्यानंतरच ते सुटते. गर्भकाल सुमारे तेरा महिन्यांचा आहे. सांडणी गाभण राहिली किंवा नाही हे ओळखण्याची राइकांची खूण सोपी व विश्वसनीय आहे. फळलेली सांडणी, नर जवळ येताच, शेपूट वर उचलून आखडते. संयोगानंतर सुमारे दोन आठवड्यांत ही खूण दिसू लागते आणि पशुवैद्यही ती मान्य करतात.

चाळीस-पन्नास सांडण्यांस एक निवडक नर ठेवतात. त्याची निवड करताना त्याचे स्वतःचे रूपगुण तर पाहतातच, परंतु त्याच्या आईचे दूध, स्वभाव व वेतांची नियमितता यांना अधिक महत्त्व देतात. कळपातील प्रत्येक सांडणीची आई, आजी, पणजी जाणत्या राइकास तोंडपाठ असते. चार-पाच वर्षांनी, म्हणजे नराच्या स्वतःच्या मुली वयात येण्यापूर्वी, तो नर बदलून दुसऱ्या कळपातील आणतात. यामुळे जवळच्या नात्यातील पैदास टळते. आज कळप लहान झाल्यामुळे व चांगले नर कमी उरल्यामुळे हा नियम पाळणे कठीण झाले आहे, आणि ही गोष्ट संख्येतील घटीइतकीच चिंतेची आहे.

प्रदेशपरत्वे उंटांच्या जातीही निराळ्या आहेत. बिकानेरी उंट धिप्पाड व ओझ्यास दमदार. त्याच्या कपाळाखाली डोळ्यांच्या वर खोलगट भाग असतो व भुवया-कानांवर दाट केस असतात. जैसलमेरी उंट सडपातळ, लांब पायांचा व चालीस वेगवान. मेवाडी उंट डोंगराळ भागास सरावलेला व दुधास चांगला. याखेरीज मारवाडी, जालोरी, मेवाती, माळवी, कच्छी व खाराई अशा जाती मानल्या जातात.

पिल्लाची जोपासना व दूध

जन्मलेले पिल्लू सुमारे ३५ ते ४० किलो वजनाचे असते व थोड्याच वेळात उभे राहून आईच्या आचळास लागते. त्यास मारवाडात ‘टोडिया’ म्हणतात. जन्मानंतरच्या पहिल्या काही तासांत त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. चीक जड पडतो या समजुतीने तो तोडू नये; पिल्लाला रोगांशी झगडण्याची पहिली शक्ती त्यातूनच मिळते. पिल्ले बहुधा थंडीच्या दिवसांत जन्मतात, म्हणून गार वाऱ्यापासून आडोसा, नाळेची स्वच्छता व कोरडी जागा या तीन गोष्टींकडे लक्ष पुरविल्यास बरीच पिल्ले वाचतात.

दूध काढण्याची पद्धत गाई-म्हशींपेक्षा वेगळी आहे. पिल्लू आचळास लागल्याखेरीज सांडणी पान्हा सोडीत नाही व सोडलेला पान्हा एक-दोन मिनिटेच टिकतो. यास्तव दूध काढणारा एका पायावर उभा राहतो, दुसरा पाय गुडघ्यात दुमडून मांडीवर भांडे पेलतो आणि दोन्ही हातांनी झपाट्याने दूध काढतो. दोन आचळे पिल्लाची व दोन माणसाची, असा राइकांचा वाटा ठरलेला आहे. रानात भांडे नसेल तर रुईच्या पानाचा द्रोण करून त्यात दूध पिण्याची त्यांची जुनी चाल आहे.

सांडणी दिवसाला सुमारे चार ते सहा लिटर दूध देते व चराई चांगली असल्यास वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ देत राहते. हे दूध पातळ, किंचित खारट व ‘क’ जीवनसत्त्वाने समृद्ध असते. गाईच्या दुधात असणारे एक विशिष्ट प्रथिन त्यात नसल्यामुळे, गाईचे दूध ज्यांना मानवत नाही अशा काही जणांना ते चालते. त्याचे घट्ट दही लागत नाही व लोणीही सहज निघत नाही. म्हणून ते ताजे किंवा थंड करून विकावे लागते अथवा त्याची भुकटी, कुल्फी यांसारखे पदार्थ करावे लागतात. मधुमेहावरील त्याच्या उपयोगाविषयी बिकानेर येथे संशोधन झाले आहे. तथापि हे दूध औषधाची जागा घेऊ शकत नाही, हे विकणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनीही ध्यानात ठेवावे. तसेच ते तापवूनच प्यावे. कच्च्या दुधातून सांसर्गिक गर्भपाताच्या रोगाचे जंतू माणसास बाधण्याचा संभव असतो.

वसंतात उंटाची लोकर कातरतात. ती फार निघत नाही, परंतु दोर, सतरंज्या व पिशव्या यांस पुरते. लेंड्या सुकवून जळण करतात व खत म्हणून शेतात टाकतात. अलीकडे त्यांपासून कागदही बनविला जातो.

रोग व त्यांवरील उपाय

उंटाचा सर्वांत मोठा वैरी सर्रा हा रोग होय. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स या पशुवैद्याने तत्कालीन पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे या रोगाचा सूक्ष्म परजीवी घोडे व उंट यांच्या रक्तात शोधून काढला. रक्त शोषणाऱ्या मोठ्या माश्या तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात. ताप येतो-जातो, जनावर खात असूनही खंगते, मदार आटते, डोळ्यांची आतील त्वचा फिकट पडते, पोटाखाली व पायांवर सूज येते, गाभण सांडणी गाभाडते. हे दुखणे तीन वर्षे रेंगाळते म्हणून मारवाडात यास ‘तिबरसा’ म्हणतात. सांडणीने मूत्र टाकलेली वाळू हुंगून अनुभवी राइका हा रोग ओळखतो. तथापि खात्रीसाठी रक्ताची तपासणी करून घ्यावी. क्विनापायरामिनसारखी औषधे यावर गुणकारी आहेत. ती पशुवैद्याच्या हातूनच व वजनाच्या मानाने योग्य मात्रेत दिली जावीत. कमी मात्रेने रोग दबतो, जात नाही, आणि पुढे औषध लागू पडेनासे होते.

हा रोग केवळ वाळवंटाचा आहे असे समजू नये. महाराष्ट्रातही गाई, म्हशी व घोडे यांना तो होतो. चंद्रपूर जिल्ह्यातील एका पशुपालकास या परजीवीची बाधा झाल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. माणसास अशी बाधा झाल्याची ती पहिली सिद्ध नोंद होती. औषधोपचाराने तो बरा झाला. माणसास हा रोग क्वचितच होतो, परंतु जनावरांच्या गोठ्याभोवती माश्यांचा बंदोबस्त करण्यास एवढे कारण पुरेसे आहे.

दुसरा त्रास खरजेचा. थंडीत कळप दाटीने बसतात तेव्हा ती झपाट्याने पसरते. केस झडतात, कातडी जाड व सुरकुतलेली होते, जनावर अंग घासून घासून रक्तबंबाळ होते. राइका लोक गंधक मिसळलेले तारामिऱ्याचे तेल चोळतात. सुरुवातीच्या अवस्थेत त्याचा उपयोग होतो. रोग वाढला असल्यास आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन द्यावे लागते. एका जनावरास खरूज दिसताच ते वेगळे बांधावे व त्याचे खोगीर-दोर दुसऱ्यास वापरू नयेत. खरूज माणसासही लागते.

कच्छचा पोहणारा उंट

वाळवंटातील उंटपालनाचे एक आगळे रूप कच्छच्या किनाऱ्यावर पाहावयास मिळते. तेथील खाराई उंट खाडीचे पाणी पोहून पार करतात व बेटांवरील तिवरांचा पाला खातात. फकिराणी जत व रबारी हे त्यांचे पाळक. पावसाळ्यात बेटांवर गोड्या पाण्याची डबकी साचतात तेव्हा कळप तेथेच राहतात. एरवी काही दिवसांनी गोडे पाणी पिण्यासाठी त्यांना किनाऱ्यावर परत आणावे लागते. २०१५ मध्ये खाराई ही स्वतंत्र जात म्हणून मान्य झाली. मिठागरे व बंदरांचा विस्तार यांमुळे तिवरांची राने तुटत आहेत. ज्या उंटाचे सारे जीवन तिवरांवर, त्याच्या दृष्टीने हा दुष्काळच होय, आणि हा दुष्काळ पुढच्या पावसाने हटणारा नाही.

जमाखर्च कोठे बिघडला

आता प्रारंभीच्या सात-आठ नरांकडे वळावे. पूर्वी हे नर नांगर ओढीत, मोट हाकीत, घाणा फिरवीत व गाडीस जुंपले जात. जुन्या विमानांचे टायर बसविलेली उंटगाडी हे राजस्थानातील रस्त्यांवरचे नेहमीचे दृश्य होते. पुढे डांबरी रस्ते, ट्रॅक्टर व मालमोटारी खेड्यापाड्यांत पोहोचल्या आणि ही कामे उंटाकडून गेली. नरांस गिऱ्हाईक उरले नाही.

दुसरीकडून चराईची जागा आकुंचली. १९५८ मध्ये ज्याचे काम सुरू झाले तो राजस्थान कालवा, म्हणजे आजचा इंदिरा गांधी कालवा, वाळवंटात पाणी घेऊन आला. त्याने लाखो एकर जमीन पिकाखाली आणली, हे त्याचे मोठेच कार्य. परंतु जेथे कळप चरत तेथे बारमाही पिके उभी राहिली. विंधन-विहिरींमुळे पडीक शेते कमी झाली, गायराने व ओरणे अतिक्रमणाखाली आली, अभयारण्यांत चराईवर निर्बंध आले.

उत्पन्न थांबले व खर्च वाढला, तेव्हा विसाव्या शतकाच्या अखेरीस सांडण्याही बाजारात येऊ लागल्या आणि त्यांतील कित्येक कत्तलीसाठी जाऊ लागल्या. मुद्दल मोडावयास सुरुवात झाली ती येथे. याला आळा घालण्यासाठी राजस्थान सरकारने २०१४ मध्ये उंटास राज्यपशूचा मान दिला व २०१५ मध्ये कायदा करून उंटाची कत्तल आणि परवान्यावाचून राज्याबाहेर नेण-आण यांस बंदी केली. हेतू चांगला होता. परंतु परराज्यांतील गिऱ्हाईक जत्रेस येईनासे झाले, नरांचे भाव कोसळले आणि प्रामाणिक पैदासकारांसच त्याची झळ बसली. २०१६ मध्ये नवजात पिल्लामागे तीन हप्त्यांत दहा हजार रुपये देण्याची योजना शासनाने आणली. अनुदानाने आधार मिळतो हे खरे. तथापि केवळ अनुदानावर कोणताही धंदा फार काळ उभा राहत नाही.

पुढची वाट

नराच्या विक्रीवर उभा असलेला व्यवहार आता दुधावर उभा करावा लागेल, असेच अनुभवांती दिसून येते. पुन्हा तोच चाळीस सांडण्यांचा कळप घ्यावा. त्यांतील निम्म्या दुभत्या धरल्या व पिल्लाचा वाटा राखून प्रत्येकीचे दोन लिटरच दूध काढले, तरी रोज चाळीस लिटर दूध विक्रीस निघते. हे उत्पन्न वर्षातून एकदा जत्रेत नव्हे, तर रोज हाती येणारे आहे.

या दिशेने पावले पडली आहेत. २०१६ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने उंटाच्या दुधाची मानके ठरविली. कच्छमध्ये पशुपालक संघटित झाले व तेथील जिल्हा दूध संघाने त्यांचे दूध संकलित करण्यास आरंभ केला. जानेवारी २०१९ मध्ये हे दूध ‘अमूल’ या नावाने अर्धा लिटरच्या बाटलीस पन्नास रुपये या दराने बाजारात आले. राजस्थानात पाली जिल्ह्यातील सादडी येथे लोकहित पशुपालक संस्थान ही संस्था राइका लोकांबरोबर काम करीत आली आहे. तिच्याशी निगडित असलेल्या जर्मन पशुवैद्य डॉ. इल्से कोहलर-रोलेफसन यांना या कार्याबद्दल २०१६ चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला. बिकानेर येथे १९८४ मध्ये स्थापन झालेले राष्ट्रीय उष्ट्र अनुसंधान केंद्र पैदास, आरोग्य व दुग्धपदार्थ यांवर संशोधन करीत आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०२४ हे वर्ष उष्ट्रवर्गीय प्राण्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले.

दूध न विकण्याचा जुना दंडक मोडणे वृद्ध राइका लोकांस सहज रुचले नाही, यात नवल नाही. परंतु दोन दंडकांपैकी एक मोडल्यावाचून गत्यंतर नसेल, तर दूध विकून सांडणी राखावी की दूध राखून सांडणी विकावी, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे. ज्यांच्या गावापर्यंत दूध गोळा करणारी गाडी व थंड करण्याची टाकी पोहोचली, त्यांनी पहिली वाट धरली. जेथे ती पोहोचली नाही, तेथे निवड करण्यास वावच राहिला नाही. यास्तव दूध संकलनाची सोय, तिच्या जोडीला फिरती पशुवैद्यकीय मदत आणि चराईचा निश्चित हक्क, या तिन्ही गोष्टी एकदम व्हावयास हव्यात. चराईचे रान तोडून उंट गोठ्यात बांधले, तर त्यांना विकतचा चारा घालणे दुधाच्या पैशांतून परवडणार नाही.

महाराष्ट्रातील शेतकऱ्यास

विदर्भातील शेतकऱ्यांस उंट अगदीच अनोळखी नाही. कच्छकडील रबारी मेंढपाळ आपल्या मेंढ्या व उंट घेऊन अनेक वर्षांपासून या भागात वावरत आहेत. सुगीनंतर मोकळ्या शेतात त्यांचे कळप बसविले जातात व रानास उत्तम खत मिळते. त्यांचा उंट बाज, भांडीकुंडी, नवजात कोकरे व लहान मुले पाठीवर घेऊन तळामागून तळ हलवितो. तो नसेल तर हा सारा संसार एका जागी अडून बसेल. अशा तळाशी व्यवहार करताना खताचा मोबदला व मुक्कामाचे दिवस आधी बोलून ठरवावेत. जनावरांत ताप अथवा खरूज दिसल्यास उभयतांनी पशुवैद्यास बोलवावे, आणि पाणवठ्याचा वापर समजुतीने व्हावा. मेंढपाळाचा कळप व कुणब्याचे शेत यांचे नाते पूर्वापार परस्परांच्या उपयोगाचे आहे. ते तसेच राखणे दोघांच्याही हिताचे आहे.

उंटाविषयीचे ज्ञान पुस्तकांत थोडे व राइका लोकांच्या डोक्यात फार आहे. कोणत्या सांडणीची आजी किती दूध देत होती, कोणत्या महिन्यात कोणत्या उतारावर माशी उठते, कोणते झुडूप कोणत्या दुखण्यावर चालते, हे सारे बाप मुलास रानात चालता चालता शिकवीत आला. आज राइकांची तरुण मुले कळप सोडून सुरत, मुंबई व बंगळूर येथे दुकानांत नोकरीस जात आहेत, आणि त्यांना दोष देता येणार नाही. ज्या धंद्यात पोट भरत नाही त्यात मुलाने राहावे अशी अपेक्षा कोणी करू नये. उंट जत्रेत सजवून उभा केल्याने किंवा त्याचे चित्र टपाल-तिकिटावर छापल्याने तो वाचणार नाही. पाळणाऱ्याच्या पदरात रोज काही पडले, कळपास चरावयास रान उरले व दुखण्यास वेळेवर औषध मिळाले, तर सांडण्या पुन्हा घरी राहतील. आणि सांडण्या घरी राहिल्या, तर कळप वाढविण्याची विद्या राइकांस कोणी शिकविण्याची गरज नाही.